अकरा चाळीस

डंडी शहरातल्या बसगाड्यांच्या वेळा
मी ठरवते.
हिलटाउनचा चढ चढायला बावीस नंबरला सहा मिनिटं,
बर्फ असेल तर नऊ.
दवाखान्याच्या थांब्यावर कुबड्या सावरत उतरणाऱ्यांसाठी
दीड मिनिट मी गुपचूप जास्त धरलंय,
साहेबांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.

माझ्याकडे येणाऱ्या मदतनीस बाईची वेळ मात्र
'सात ते अकराच्या दरम्यान'.
अशी बस मी सोडली असती
तर गावाने मला टे नदीत बुचकळून काढलं असतं.

मी एक्केचाळीस वर्षांची.
पायांनी आठ वर्षांपूर्वी राजीनामा दिला,
डावा हात अर्धवेळ येतो.
बाकी सगळी मी पूर्णवेळ आहे, पगारावर, करासकट.

त्या हिवाळ्यातला वाद आंघोळीचा होता.
पाठीला जखम असेल तर आंघोळ आरोग्यखात्याची,
पाठ नुसतीच मळलेली असेल तर समाजखात्याची.
माझी जखम होती, पण भरत आलेली.
दोन खात्यांची दोन माणसं
एकाच आठवड्यात तेच प्रश्न विचारून गेली,
एकाने जखमेचं माप घेतलं, दुसऱ्याने बँकेचं पुस्तक चाळलं,
आणि तेवीस दिवस
तळ्यात, मळ्यात, तळ्यात, मळ्यात,
तळ्यात पाणी नाहीच.
दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात.
त्याच्या अंगाला वासही येतो, हे म्हणीत नाही.
मी कॅमेरा बंद ठेवून मीटिंगा केल्या,
जणू वास तारेतून जातो.

आणि निजणं.
संध्याकाळची पाळी साडेआठला संपते, म्हणून मी साडेआठला संपते.
जूनमध्ये इथे साडेआठला लख्ख ऊन असतं.
खाली सात वर्षांचा फर्गस सायकल फिरवतोय
आणि वर मी, छताच्या रुळावरून सरकणाऱ्या झोळीत लोंबत,
ओढलेल्या पडद्यांकडे निघालेली.

एकदा रुअरी जेवायला आला होता.
मासे थोडे करपले, वाइन बरी निघाली.
आठ वीसला बेल वाजली, तो कोट घेऊन उठला.
त्याला मला झोळीत पाहायचं नव्हतं
की मला दिसायचं नव्हतं,
हे विचारायचं राहून गेलं.

मग दोन खात्यांचं लग्न लागलं.
एका पाकिटावर दोन बोधचिन्हं,
फोटोसाठी अवघडून उभ्या नवराबायकोसारखी.
मला वाटलं, घोंगडं तेच भिजत पडणार,
आता कोपरे धरायला दोघं, एवढंच.

आली मॉर्व्हेन लाँगम्युअर, तोंडात खोकल्याची गोळी,
काखेत एकच फाइल.
आंघोळीचं तिने उभ्याउभ्या मिटवलं,
'अंग एकच आहे ना?'
मग पेन खाली ठेवून म्हणाली,
'तुम्हाला किती वाजता झोपायला आवडतं?'

पलंगाखाली घरंगळलेलं काही शोधावं
तसं मी उत्तर शोधत राहिले.
'अकरा चाळीस.'
'का?'
'शेवटची बावीस माझ्या खिडकीखालून जाते.
तिची वेळ मी लावलीय. पाहिली कधीच नाही.'

तिने लगेच काही लिहिलं नाही.
रात्रपाळीला माणसं तीन, गाव अख्खं.
सहा फोन, दोन बैठका, एक माफीचं पत्र,
आणि पदरात पडला गुरुवार.
फक्त गुरुवार.
बाकीचे दिवस साडेनऊ.
घोंगड्याचा एक कोपरा वाळला.

पहिल्या गुरुवारी दिवा मालवून खिडकीशी बसले.
मागे ग्राझिना कप विसळत होती, सावकाश.
अकरा चाळीस. एक्केचाळीस. रस्ता रिकामा.
चव्वेचाळीसला ती आली,
सगळे दिवे लावून, आत एकच प्रवासी,
काचेला डोकं टेकून झोपलेला.

चार मिनिटं उशीर.
चढाला अजून थोडा वेळ द्यायला हवा, मी वहीत लिहिलं.

ग्राझिनाने हात पुसत विचारलं, 'निजायचं?'

'थांब जरा,' म्हटलं,
'डेपोकडे परतताना
ती पुन्हा इथूनच जाते.'