शेवटचा बदल

एन्कार्नासिओनच्या सरकारी इस्पितळात
पहाटे तीनला रक्ताचे अहवाल अडकले
तेव्हा निमिया बारेतोने आधी केबल हलवून पाहिली,
मग गार तेरेरेचा एक घोट घेतला,
मग पडद्यावरच्या ओळी वाचायला बसली.

सगळं एकाच दिशेने येत होतं.
सेकंदाला चार हजार वेळा टकटक,
दार उघडावं म्हणून नव्हे,
दुसऱ्या कुणाला दारापर्यंत पोचता येऊ नये म्हणून.

पत्ता होता : चार आकडे, मधे टिंबं.
पत्ता आहे म्हणजे धनी असणार.
तिने नोंदवहीला विचारलं, नोंदवहीने लगेच सांगितलं
(ती बिचारी कुणापासून काही लपवत नाही) :

जबाबदार व्यक्ती : ओस्वाल्दो राइमान
गाव : वाल्दिविया, चिली
तक्रारींसाठी : एक ईमेल
शेवटचा बदल : अकरा वर्षांपूर्वी

ईमेल सात सेकंदांत परत आलं. पेटी भरली आहे.
म्हणजे तिच्याआधी कितीजण
याच फटीतून चिठ्ठी सारून गेले होते.

राहिला फोन.
नवव्या घंटेला एका बाईने उचलला,
झोपेतून उठल्यासारखा नाही.

ओस्वाल्दो? तो गेला हो. सहा वर्षं झाली.
कंपनी त्याने आधीच विकली होती,
कुणाला ते त्याने सांगितलं होतं, माझ्या लक्षात नाही.
तुम्ही या महिन्यातल्या पाचव्या.
आज काय बिघडलंय?

असं कुणी विचारेल हे निमियाला अपेक्षित नव्हतं.
ती म्हणाली, इस्पितळ आहे.
पलीकडे पेनाचा आवाज. वहीचं पान.
बँक झाली, शाळा झाली, बाई स्वतःशीच म्हणाली,
एक लोकर विकणारं दुकानही.
इस्पितळ पहिलंच.

उताऱ्यावर नाव मेलेल्याचं,
वहिवाट भलत्याचीच.
दरवर्षी वरून विचारणा होते, माहिती बरोबर आहे ना?
आणि कुठलंतरी यंत्र दरवर्षी
न चुकता 'होय' म्हणतं.

तुम्ही हा फोन काढून का टाकत नाही?
मग वाजेल कुठे, ओर्तेन्सिया राइमान म्हणाली.

पाच वाजून दहा मिनिटांनी
असुन्सिओनच्या कुणीतरी वरच्या वर रस्ता अडवला.
अहवाल सुटले. कुणाचं तरी हिमोग्लोबिन सात पूर्णांक एक,
तिसऱ्या मजल्यावर धावपळ.

उजाडताना निमियाने स्वतःच्या इस्पितळाची नोंद काढली.
जबाबदार व्यक्ती : अनास्तासिओ फ्रुतोस.
तो स्पेनला जाऊन चार वर्षं होतील.
तिने त्याचं नाव खोडलं, स्वतःचं लिहिलं,
मोबाईलचा आकडा दोनदा तपासला,
आणि बटण दाबलं.

खात्रीसाठी एक संकेतांक पाठवला आहे
अनास्तासिओ फ्रुतोस यांच्या पत्त्यावर.

ती थोडा वेळ नुसतीच बसली.
मग कोरी वही सापडते का बघायला
खण उघडला.