हं

रेवाने तिकिटं काढली, जी रांग, सात आणि आठ.
म्हणाली, आजोबा, तुमच्या कंपनीतलेच ना ते?
म्हटलं, हो. एकाच पाळीत होतो.
एवढंच म्हटलं.

पडद्यावर वागळे इस्टेट उभी केलीय,
बावीस नंबरचा रस्ता, पत्र्याचं छप्पर,
भोंगा वाजतो, सायकली सुटतात.
सायकली जरा जास्तच चकचकीत.
आमच्या शेडमध्ये डोळ्यांत तेल उडायचं,
यांच्या शेडमध्ये खिडकीतून ऊन येतं
देवळात यावं तसं.

विश्राम घाडीचं काम करणारा पोरगा देखणा आहे.
विश्रामच्या पुढच्या दातांत फट होती,
गरम चहा फुंकताना तिथून शीळ निघायची.
हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

मग तो प्रसंग येतो.
सगळं संथ होतं. व्हायोलिनं वाजू लागतात.
प्रेसचा क्लच आपोआप सुटतो,
वरून साचा उतरतो
आणि थिएटरभर माणसं श्वास ओढून घेतात.
रेवा माझा दंड घट्ट धरते.

आपोआप.

पत्रा मोठा असला की दोघं लागायचे.
विश्राम पत्रा सरकवायचा, हात काढून घ्यायचा, म्हणायचा, हं.
मी पायडल दाबायचो.
हं, दाब. हं, दाब.
पाळीला अठराशे वेळा.
बघायची गरज नव्हती,
त्या खणखणाटात तेवढं एक हं
माझ्या कानाला बरोबर सापडायचं.

त्या दिवशी तो गुणगुणत होता.
रात्रभर किसननगरात भजनाला पेटी वाजवून आला होता,
डोळे तांबडे, पण स्वारी खुशीत.
चाल वर चढताना एका ठिकाणी
मानेला झटका देऊन तो म्हणाला, हं,
मनासारखी जागा सापडली म्हणून.

मी पायडल दाबलं.

चौकशीत लिहिलं, यंत्रातला बिघाड.
मी सही केली. त्यानेही केली,
कामगार हॉस्पिटलच्या खाटेवर, डाव्या हाताने, वेडीवाकडी.
तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं
की पाहिलंच नाही,
पन्नास वर्षं मी हे ठरवतोय.

सिनेमात तो एका रात्रीत शिकतो.
तलावपाळीवर पेटी घेऊन बसतो, पाण्यात चंद्र,
डावा हात सुरांवर, उजव्याचं उरलंसुरलं भात्यावर,
उजाडेपर्यंत जमतं.
नऊ वर्षं लागली त्याला.
सावरकरनगरातल्या त्याच्या खोलीवरून मी कितीदा गेलो,
आत तीच सरगम, तिथेच अडखळणारी,
आणि शेजारीण, अहो घाडी, पोरांची परीक्षा आहे!
चंद्र वगैरे नव्हता. रॉकेलचा वास होता, खोकला होता.
गडकरीच्या बोर्डावर त्याचं नाव लागलं तेव्हा
मी तिकीट काढलं, बाहेर उभा राहिलो,
वडापाव खाल्ला आणि घरी आलो.

मुलाखतींत त्याला हमखास विचारायचे त्या दिवसाचं.
दर वेळी एकच उत्तर, मशीनच तसं होतं.
माफ केलं म्हणावं, तर मी मागितली कुठे?
विसरला म्हणावं, तर रोज आंघोळीला
तो तोच हात घेऊन जात होता.
आता विचारायलाही तो उरला नाही.

नावं वर सरकू लागतात.
लोक उठतात, पायांखाली लाह्या फुटतात,
आणि मागून खरा विश्राम लागतो, कुठलीशी जुनी टेप.
आधी खरखर. भाता उघडल्याचा आवाज.
मग तो कुणाला तरी, तबलजीलाच असेल, म्हणतो,
हं.

आजोबा, चला ना, दिवे लागले.
उठायला म्हणून खाली पाहतो,
तर माझा उजवा पाय
जमिनीपासून चार बोटं वर.