कानामात्रा

केप्याहून सातला निघालो तेव्हा
कॅरियरवर दोन डबे होते, पिवळा आणि काळा,
आणि खिशात पणजीहून आलेला घडीचा कागद:
फलक क्रमांक सतरा. नाव, चांदोर.

पिवळे दोन हात आदल्या दिवशीच मारलेले.
दोरा धरून मध्य काढला, खडूने रेघ आखली,
चा उभा केला, त्याच्यावर टिंब ठेवलं,
द ची शेपटी खाली वळवली,
कानामात्रेसाठी कुंचला उचलला
तोच मागून आवाज आला,
‘‘पिंतोर, रांव. हें आमचें न्हय.’’

पास्कोल तियू. हातात दुधाची रिकामी किटली.
‘‘आमी चांदर म्हण्टात. चांदर.’’
आणि डॉक्टरपुढे घसा दाखवावा
तसं तोंड उघडून दाखवलं.

खरंच, तो अ आमच्या शाळेतला नव्हता.
ओठांशी येऊन जरा गोल झालेला,
गालात आंब्याची बाठ असावी तसा.

हाच गोल अ कुणा पाद्रीने ऐकला असणार,
समईच्या नाहीतर मेणबत्तीच्या उजेडात,
आणि आपल्या अक्षरांत जे गोल होतं ते लिहून ठेवलं.
त्याचं काही चुकलं नाही. कानाने दिलं, हाताने घेतलं.
चूक पुढची: तो कागद बघून
कुणीतरी पुन्हा देवनागरीत उतरवलं
आणि ऐकायला गावात कुणी आलंच नाही.
घरातून अनवाणी गेलेलं नाव
साहेब होऊन परतलं,
हातात काठी, टोपीत पीस.

तियू किटली ठेवून टेकला.
दूध संपलं तरी चालेल अशी त्याची बैठक.
त्याचा भाचा मडगावला कॉलेजात शिकवतो,
तो सांगतो, हे चंद्रपूर. राजधानी होती.
पण जुन्या ताम्रपटात म्हणे चंद्रौर आहे,
म्हणजे प तेव्हाच झिजलेला,
राजा गादीवर असताना.
आणि अरबांचं सिंदाबूर ते हेच,
असं भाचा म्हणतो, दुसरे नाही म्हणतात.
त्यांच्याकडे च नव्हता, प नव्हता,
घरात होतं त्यात भागवलं बिचाऱ्यांनी,
पाहुणा दारात आणि साखर संपलेली, तसं.

‘‘मग खरं कुठलं?’’ मी विचारलं.
तियूने कोटाच्या बाजूला हनुवटी केली.
तिथे एक नंदी आहे. डोकं नाही त्याला.
‘‘आमी ताका नंदीच म्हण्टात.’’

एवढ्यात मडगावची बस आली.
कंडक्टर दाराला लोंबकळत ओरडला,
चान्नर चान्नर चान्नर,
द सुद्धा खाऊन.
तीन बायका आणि एक टोपली बरोबर उतरली,
कुणीही माझ्या फलकाकडे पाहिलं नाही.

बिल कागदाप्रमाणे पास होतं, तोंडाप्रमाणे नाही.
हे तियूलाही सांगितलं. तो काही बोलला नाही,
किटली उचलून डेअरीकडे गेला.

मी दो पुरा केला.
बाकीच्या अक्षरांना दोन हात,
कानामात्रेला एक, रॉकेल जास्त घातलेला.
तीन पावसाळे. फार तर चार.

परतताना आमच्या गावच्या फलकापाशी सायकल थांबवली.
माझंच काम, बारा वर्षांपूर्वीचं, अजून शाबूत.
केपे.
रोमीत त्याच्या शेवटी एक एम येतो,
तो मी कायम पोर्तुगीजांचा समजत आलो.
आणि आता, एक पाय जमिनीवर टेकून उभा,
आई विहिरीवरून कुणाला तरी सांगताना ऐकू आली,
आमचें केपें,
शेवट थोडा नाकात ठेवून.

फलकावर टिंब नव्हतं.
डब्यात बोटभर काळा उरला होता.