फॉल्ट

चार वाजून वीस मिनिटांनी सातपुडा दिसेनासा झाला.
एरवी मोरीच्या खिडकीतून असतोच तो,
धुणं पिळताना मी काही रोज त्याच्याकडे बघत नाही.
त्या दिवशी बघितलं, तर नव्हता.
त्याच्या जागी विटकरी काहीतरी, उभं,
आणि चालत येणारं.

लीलाबाईंच्या खाटेवर बिबड्या वाळत होत्या.
निम्म्या त्यांनी पदरात घेतल्या,
निम्म्या उठल्या आणि गरगरत गेल्या
तापीच्या दिशेनं, एकीमागे एक.
त्या ओरडल्या, "मायवं, पायलीभर ज्वारीच्या व्हत्या!"

मग पत्रा बोलू लागला.
आधी एकच खिळा. टक. टक.
मग कुणी घरावर रिकामे डबे ओतत बसल्यासारखं.
हर्षलला दिवाणाखाली ढकललं,
दाराला पाठ लावून बसले,
तर हे बूट घालत होते.

हे वायरमन आहेत.
वारा सुटला की माणसं घरात येतात, हे निघतात.
"सबस्टेशनला जातो. लाइन बंद नाही केली अन्
तार तुटून कोणी..."
पुढचं मला ऐकू आलं नाही.
गाडी सुरू झाल्याचंही नाही.
दार लावलं तेव्हा दातांखाली माती होती.

केळ मोडते तेव्हा कडकड होत नाही.
धप्प होतं. ओलं पोतं टाकल्यासारखं.
घरामागे, रस्त्यापलीकडे, पार सावद्यापर्यंत
धप्प, धप्प,
आणि मी वेड्यासारखी मोजत होते.
दोनशेच्या पुढे कुठंतरी स्वयंपाकघरावरचा तिसरा पत्रा गेला.
गॅसच्या वर आभाळाचा चौकोन,
त्यातून कुणाचा तरी परकर सावकाश गेला.

पंचवीस मिनिटं. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून आमचं दार म्हणजे चौकशीची खिडकी.
"लाइट केव्हा येईन वं वहिनी?"
जणू मी ती डाळीच्या डब्यात ठेवलीय.
गिरणी बंद, बोअर बंद,
सलीम तडवीच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चौदा मोबाइल लटकलेले.
आडव्या बागांचा पंचनामा करायला तलाठी आला,
त्यानंही आधी हेच विचारलं.
फोटो काढायचे होते, फोनमध्ये तीन टक्के.

तिसऱ्या दिवशी एक जण ओट्यावर चढून ओरडला,
"पगार कायचा घेतो तुमचा माणूस?"
मी त्याला तांब्याभर पाणी दिलं.
विहिरीचं, पहाटे मीच शेंदलेलं.
प्यायला. तांब्या पालथा ठेवून गेला.

हे रात्री यायचे, ऑइलचा वास घेऊन.
उभ्यानंच जेवायचे. बोलायचे ते आकडे:
एकशे चौदा पोल, अकरा डीपी,
शाळेमागची तार अजून लोंबतेय.
वरच्या भोकाकडे एकदाही बघितलं नाही.

चौथ्या दिवशी खालच्या आळीत लाइट आली.
आमच्याकडे नाही.
"वायरमनचं घर आणि शेवटी?" लीलाबाई म्हणाल्या.
मी त्या रात्री ताट जरा आपटूनच ठेवलं.
गावाला दाखवायचंय यांना, असं मनात आलं,
सरळ सांगायचं तर वाईटसाईट बरंच आलं.
हे म्हणाले, "आपली डीपी लाइनीत शेवटची आहे."
आणि भाकरीचा तुकडा हातात धरूनच डोळे मिटले.
सलीमकडून नंतर कळलं,
आमच्या डीपीतलं चांगलं सामान काढून
यांनी पाण्याच्या टाकीच्या डीपीला लावलं होतं.
मला सांगितलं असतं तर?
तर मी भांडलेच असते.

सहाव्या रात्री, दोन वाजून गेल्यावर,
आळीभर पोरं ओरडली: "आली! आली!"
फ्रिज खाकरला. पंखा फिरला.
स्वयंपाकघरातला दिवा लागला आणि
भोकातून भराभर किडे उतरले.
हे ओट्यावर झोपलेले, तोंड उघडं,
उजेड थेट डोळ्यांवर.
हललेही नाहीत.
मी उठले आणि दिवा बंद केला.

पत्रा काही सापडला नाही, नवा घातला.
पोळ्याच्या आसपास यांनी मीटरची पेटी उघडली,
आत, वायरींच्या मागे, अर्धी बिबडी.
लीलाबाईंना दाखवली, त्या म्हणाल्या, "माहीच हाय."
तळली. तिघांनी मोडून खाल्ली.
थोडी कचकच लागली दाताला.