खळ

दोन मुठी मैदा, चिमूटभर मोरचूद,
पाणी थोडं थोडं. घोटत राहायचं, गाठ होऊ द्यायची नाही.
हायकोर्टाच्या ग्रंथालयात मी सव्वीस वर्षं खळ शिजवली,
मागच्या व्हरांड्यात, स्टोव्हवर.

चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यातून दुरुस्तीच्या पट्ट्या येत.
कात्रीनं कापायच्या,
जुन्या ओळीवर नवी ओळ बेतून बसवायची,
फडक्यानं हवा काढायची.
संविधान म्हणजे माझ्या लेखी
निळ्या कापडी बांधणीच्या चौदा प्रती.

दिल्लीत कुणाचं काय बिनसलं
ते मला पट्टीच्या लांबीवरून कळे.
एरवी बोटभर, फार तर वीतभर.
त्या वर्षी गठ्ठेच आले, सुतळीनं बांधून.
कँटीनच्या गोम्सकडून मैदा उसना आणला.
पुस्तक इतकं फुगलं की मिटेना.
वर वजन ठेव, मोडकसाहेब म्हणाले.
मी जुन्या निकालांची तीन बाडं ठेवली.

रुकय्या परकार शिवडीहून रोज यायची.
भाऊ गोदीतला, पुढारी म्हणून उचललेला,
कुठल्या कलमाखाली ते सांगायचं नाही असंही एक कलम होतं.
जिन्याखालच्या बाकावर बसायची, मांडीवर डबा.
डबा भावाला नव्हे, वकिलाला.
फी म्हणून बांगड्याचं तिखलं.
निकाल राखून ठेवला होता.
तिला वाटे, राखून ठेवतात म्हणजे जपून ठेवतात.

एका संध्याकाळी सुखठणकरसाहेब स्वतः आले.
एरवी चोपदार चिठ्ठी आणी.
पेडामकर, पट्टीखालचं वाचता येईल का?
मी म्हटलं, साहेब, खळ माझी आहे. निघणार नाही.
त्यांनी पान खिडकीत उभं धरलं,
ओव्हलच्या बाजूनं ऊन येत होतं.
वरच्या अक्षरांत खालची अक्षरं मिसळली,
दोन बायांनी एकदम बोलावं तशी.
ते वाचत राहिले.
खाली कुणी तरी पायचीतचं अपील करत होतं
आणि पंच हलत नव्हता.

एकशे दहा पानांचा निकाल. तिच्या बाजूनं.
आठवड्यात दिल्लीनं थांबवला.
पंधरवड्यात साहेबांची बदली, गुवाहाटी.
दारावरची पाटी मीच काढली, चार स्क्रू.
पुढच्या साहेबांची पाटी जरा लांब होती,
भोकं झाकली गेली.
तेच पुस्तक, तेच पान, पुढच्या खटल्यात निकाल उलटा.
त्यांना मी वाईट म्हणणार नाही,
माझ्या थोरलीच्या लग्नाला त्यांनी अहेर पाठवला होता.
पण पट्टीखाली बघायला ते कधी आले नाहीत.

परकारचा भाऊ मार्चात सुटला.
निकालानं नाही,
मतमोजणीनं.

मग हुकूम आला: पट्ट्या काढा.
चहाच्या किटलीवर पान धरलं.
खळ माझी, तरी निघाली.
कुठं कुठं मूळ अक्षरंही पट्टीबरोबर आली.
तिथं परत नवी पट्टी,
तिच्यावर जुनाच मजकूर छापलेला.

आता नातू वकिली शिकतो.
तो एकशे दहा पानांचा निकाल त्यांना पाठ करायला आहे,
सुस्थापित कायदा म्हणून.
आजोबा, तुम्ही पाहिलं होतं त्यांना?
पाहिलं होतं. व्हीटीला गाडीत बसवायला
चोपदार, मी आणि एक ट्रंक.
बारमधलं कुणी नव्हतं, सगळ्यांना तारखा होत्या.

चौदांतली एक प्रत रद्दीत निघाली ती मी नायगावला आणली.
परवा उघडली. पट्टीच्या जागी कसरीनं खाल्लंय,
नवं, जुनं, दोन्ही,
पलीकडचं पान दिसतं.
मोरचूद कमी पडला असणार.
त्या वर्षी फार घाई होती.