दोन खोळी

पहाटे तीनला तुझ्या खोलीत पावलं वाजली,
मग कपाटाचं दार,
मग बराच वेळ काहीच नाही.
त्या काहीच-नाहीवरून मला कळलं, बायनिर.
ट्रॉलरवर इंजिनापाशी मी हेच तर ऐकत असतो:
कुठला आवाज यायचा थांबलाय.

तू पलंगाशी उभा. चड्डी बदललेली,
ओल्या जागेवर लोकरी स्वेटर पसरलेला.
नऊ वर्षांच्या माणसाला सुचेल तेवढी दुरुस्ती.
मी काही विचारलं नाही. स्वेटर उचलला.
म्हटलं, खोळ काढू या, गादीचे पाय धर.
गादीला पाय नसतात, म्हणालास तू.
ते एक बरं झालं.

चेनला पकडच नव्हती.
मुद्दाम ठेवत नाहीत म्हणे, पोरांनी उघडू नये म्हणून.
तुझ्या वहीची पिन वाकवून आकडा केला
आणि चेन कोपऱ्याकोपऱ्याला अडत, कुरकुरत
तिन्ही बाजू फिरून आली.
आतला फोम पिवळट, उघडा,
सोललेल्या बटाट्यासारखा.
त्यावर मी खायचा सोडा भुरभुरला.
मीठ कमी पडलं, म्हणालास.

आधी थंड पाणी. गरम पाण्यानं डाग
कापडात बिऱ्हाड करतो.
वाटीभर व्हिनेगर. साबण बेताचा.
खोळ उलटी करायची, चेन लावून टाकायची,
नाहीतर तिचे दात तिचंच कापड खातात.
चाळीस अंश. वर एकही नाही.
दोरीची गाठ शिकवावी तसं
मी हे शिकवत होतो,
म्हणजे हातांकडे बघत, तोंडाकडे नाही.

माझ्या लहानपणी खोळ नव्हती. आख्खी गादीच,
स्प्रिंगांची, जड.
आई आणि मोठा भाऊ ती उचलून
कुंपणावर टाकायचे, रस्त्याच्या अंगाला.
वारा तिकडूनच यायचा, हे खरं आहे.
पण मासळीच्या कारखान्याची पाळीही तिकडूनच सुटायची.
रबरी बूट, ओले हात, कुणी ब्र काढायचं नाही.
एकानं फक्त एकदा टोपी सारखी केली.
आई वाईट नव्हती. तिला गादी वाळायला हवी होती.
मी अजून त्या रस्त्यानं जात नाही,
दुकान जवळ पडतं तरी.

मशीन थांबलं तेव्हा चार वाजले होते
आणि क्लाक्सविकवर लख्ख उजेड.
जुलैत इथे रात्र नुसती येऊन तोंड दाखवून जाते.
आपली दोरी मालानच्या स्वयंपाकघरासमोर;
घरात मोजे किती, हे आपल्याआधी तिला ठाऊक.
मी वर गेलो, माझ्या गादीची खोळही ओढून काढली.
ती का? तू विचारलंस. स्वच्छ तर आहे.
म्हटलं, तिचीही वेळ झालीये.

सात वाजता दोन्ही खोळी दोरीवर,
फुगलेल्या, एकमेकींवर आदळणाऱ्या,
कुठली कुणाची, वाऱ्यालाही सांगता येईना.
मालाननं खिडकी उघडली.
एवढं धुणं? दुपारनंतर पाऊस आहे हो, म्हणाली,
आणि तिची कॉफी घेऊन आत गेली.

काढायला एक माणूस पुरतो.
चढवायला दोन लागतात.
धुतल्यावर खोळ बोटभर आखडते, कोपरे हट्टाला पेटतात.
तू आत शिरलास, डोक्यानं कोपरा ढकलत,
बाहेर नुसते पाय,
आणि त्या कापडी अंधारातून विचारलंस,
बाबा, तुझी पण व्हायची?

कोपरा मिळाला का?

मिळाला.

हो, म्हटलं. दहाचा होईपर्यंत. अकराचाही, थोडी.

आत जरा वेळ काहीच आवाज नाही.
मग तू हसायला लागलास आणि गादीच हलायला लागली.

बाहेर ये आता, चेन लावू.
ती पिन खिडकीत ठेवलीये.
टाकू नकोस.