‘यायचं हं’च्या आधी

लक्ष्मीपुरीत, तांदळाच्या वखारीवर आमचं डीटीपीचं दुकान.
खाली पोती, काटा, हमालांचा कालवा,
वर मी आणि सरनाईक मालकांचा जुना कॉम्प्युटर.
अडला की पत्र्यावर एक थाप द्यायची,
पुन्हा चालू.
गणपती झाले आणि तो थापेलाही उठेना.

उपाध्यांचा अभिनंदन आला, खिशात पेनड्राइव्ह.
“पद्मलताई, विंडोज काढतो, लिनक्स टाकतो.
फुकट आहे, आणि ह्या म्हाताऱ्याला झेपतंय.”
तासाभरात पडद्यावरचं हिरवं माळरान गेलं.
सतरा वर्षं त्या माळावर बसून
मी जिल्ह्याची लग्नं लावली होती.

जुन्या फायली उघडल्या तर
कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं.
चि. कुठला, चि. सौ. कां. कुठली,
वऱ्हाड सगळं एकमेकांत मिसळलेलं.
“फॉन्टचा घोळ,” अभिनंदन म्हणाला,
“नव्यानं टाइप करा.”
सांगायला काय जातंय.

तुळशीची लग्नं उरकली, आणि हेरल्याहून दत्तू मुळीक आले,
हातात थोरल्या पोराची पत्रिका, पिवळी पडलेली.
“ह्योच मॅटर. नवरा-नवरी, तारीख, नातवंडं, एवढंच बदला.”
बदलत आले. खाली पोरांची ओळ:
आमच्या काकाच्या लग्नाला या

आणि तिथंच थांबलं.

कर्सर नाही, माऊस नाही,
खिडकीवर राखाडी साय धरली.
बोटं आपोआप त्या तीन कळांवर गेली,
पण नवीन घरात त्या कळा दुसऱ्याच खोलीच्या.
मशीन विचारतंय, बाहेर पडायचंय का?
नाही रे बाबा. आत यायचंय.

मग छोटी चौकट आली, अदबीनं:
प्रोग्राम प्रतिसाद देत नाही.
थांबा. सक्तीने बंद करा.
अभिनंदनला फोन लावला. तो म्हणाला,
“कंट्रोल, आल्ट, एस्केप. बाणाची फुली होईल.
ज्याच्यावर ठेवाल ते मरेल.
बघून ठेवा फक्त.”
आणि सेव्ह केलेलं?
तिकडून नुसतं हसणं.

फुली झाली.
ती ‘या’वर न्यायला हात होईना.
गोठलं तरी वाचता येत होतं की सगळं,
काचेखालच्या फोटोसारखं.
एक वाया गेलेलं कार्ड उलटं केलं,
पेन्सिल घेतली, आणि एकेक नाव उतरवायला लागले,
मोठ्यानं वाचत, दत्तूरावांना ऐकू जाईल असं.
नवरदेव संग्राम. मुहूर्त बारा पस्तीस.
आपले विनीत. श्री. आण्णासो ज्ञानू मुळीक...

“थांबा.”
मी थांबले.
“आण्णाच्या म्होरं ते दोन अक्षरी...
कै. ऱ्हायलंय.”

खाली काट्यावर कुणीतरी पोतं आपटलं.
दत्तूराव पडद्याकडं बघत बसले,
पापणी नाही, हात नाही,
चहावर साय धरत गेली.
विचारावं वाटलं, कधी, कशानं.
पण चौकटीत दोनच गोष्टी होत्या
आणि मी पहिली निवडली.

किती वेळ, घड्याळ बघितलं नाही.
मग म्हणाले, “गेल्या पत्रिकेचा मॅटर त्यानंच सांगितलावता.
इथंच बसून. ह्याच खुर्चीत.
मला कुठलं जमतंय ते.”
आणि थंड चहा एका घोटात संपवला.

फुली ठेवली. खिडकी गेली,
आवाजसुद्धा झाला नाही.
पुन्हा उघडलं तर मशीननंच विचारलं,
वाचवलेली प्रत आहे, हवी का?
होती. निम्मीअर्धी,
नवरीच्या बापाच्या आडनावापर्यंत.
तेवढं तरी.

आता दर ओळीला सेव्ह करते.
विनीतांतून आण्णांचं नाव काढून
वरती नेलं, आशीर्वादाच्या खाली, कै. लावून.
तिथं नेताना मशीन जरा अडखळलं,
मी थाप मारायला हात उचलला
आणि तसाच खाली घेतला.

शेवटी पोरांची ओळ.
यायचं हं, टाइप केलं.
दत्तूराव म्हणाले, “ते हं जरा मोठं करा.
आण्णा मोठं करायला लावायचा.”